अक्काचे केस आणि माझ्या कपाळावरचा पट्टा

मी चित्रकला शिकवतो. जळगावच्या एका शाळेत पोरांना घागर, केळीचा घड आणि डोंगराआडचा सूर्य काढायला लावतो. हे सुरुवातीलाच सांगायचं कारण असं, की मानेवर रुळणारे केस ठेवायची मुभा मला घरात केवळ या नोकरीमुळे मिळाली आहे. बँकेत असतो तर बायकोने केव्हाच कात्री चालवली असती. बाकी माझ्या डोक्याची परिस्थिती आमच्या जिल्ह्यासारखीच आहे. मधला भाग कोरडवाहू, कडेने बागायत. टाळूवर काही उगवत नाही, पण कपाळाशी एक झुबका आणि कानांपासून मागे जे काही टिकून आहे त्याची मी मनापासून निगा राखतो. एवढ्या भांडवलावर माणसाने केसांच्या विषयात तोंड उघडू नये. मी उघडलं.

गोष्ट अक्काच्या केसांची आहे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही मूळचे जळगावजवळच्या असोद्याचे. लहानपणी गावात कुणाला आमच्या घराचा पत्ता विचारला तर 'ती लांब वेणीवाली पोरगी नाही का, तिचं घर' असं उत्तर यायचं. वडिलांना याचं जरा वाईट वाटायचं. अक्काचे केस गुडघ्याच्या खाली येत आणि इतके सरळ पडत, की गवंड्याने ओळंबा म्हणून वापरावेत. न्हाऊन ती ओट्यावर बसली की आई मला केसांचं टोक धरून उभं करायची, मातीला लागू नये म्हणून. मी कंटाळून त्या टोकाला हळूच गाठ मारायचो. गाठ टिकायची नाही. हात सोडला की आपली आपण सुटायची आणि केस पुन्हा सरळ. मला ती जादू वाटायची. खरं सांगायचं तर अजूनही वाटते.

पुढे तिचं लग्न धुळ्याला झालं. पहिल्या दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिच्या बोलण्यात अहिराणी शिरलेली होती, 'आहे'चं 'शे' आणि 'सगळा'चं 'बठ्ठा' झालं होतं. आई म्हणाली, "पोरगी गेली ती गेली, बोली पण घेऊन गेली." आता अक्काच्या बोलण्यात माहेर कुठे संपतं आणि सासर कुठे सुरू होतं, ते तिलाही सांगता येणार नाही.

मध्यंतरी ती आजारी पडली. केमो झाली. केस सगळे गेले. मग ती बरी झाली, तपासण्या चांगल्या आल्या आणि केसही परत आले. पण परत आले ते निराळेच. आखूड, दाट आणि कुरळे. केमोनंतर कधीकधी असं होतं, असं डॉक्टर सहज म्हणाले, जणू पावसाचा अंदाज सांगावा. अक्काला ते सहज वाटलं नाही. तिने डोक्याला सुती स्कार्फ बांधला तो बांधलाच. घरात, स्वयंपाक करताना, झोपताना सुद्धा. दाजींनी आणि माझ्या भाचीने, म्हणजे अक्काच्या मुलीने, ते केस चोरून पाहिले होते. आम्ही कुणीच पाहिले नव्हते.

भाचीचं लग्न वैशाखात ठरलं. लग्नाला थोडे दिवस उरले असताना तिचा मला फोन आला.

"मामा, आई म्हणते ती हळदीला बाहेर येणार नाही."

आमच्याकडे पहिली हळद आईने लावायची असते. मग बाकीच्या बायका. मी अक्काला फोन लावला, तर ती शांतपणे म्हणाली, "मोठी जाऊ लाई दी हळद. मी मझारनी खोलीमा बठसू. बठ्ठा लोके माले देखतीन, मनी पोरले कोन देखी?"

"अगं, पण स्कार्फ बांधूनच ये ना."

"म्हनजे तर आनखी ईचारतीन."

भाचीने पुन्हा फोन हातात घेतला. रडत नव्हती, पण आवाज बसला होता. "आई नसेल तर मला हळदच नको. मामा, तुम्ही काहीतरी करा."

'मामा, तुम्ही काहीतरी करा' हे वाक्य माझ्यासारख्या माणसाला कधीही ऐकवू नये. मी करतो.

पहिली गोष्ट मी केली ती अशी, की जळगावात हिंडून केसांचा एक टोप विकत घेतला. काळाकुळकुळीत, लांब, सरळ. दुकानदार म्हणाला, "साहेब, वहिनींना शोभेल." बायको शेजारीच उभी होती. तिचे स्वतःचे केस जागेवर होते. तिने फक्त दुकानदाराकडे पाहिलं आणि त्याने किंमत कमी केली.

दुसरी गोष्ट म्हणजे मांडवाच्या दाराला लावायला असोद्याहून केळीचे दोन खांब घेतले, चांगले जाडजूड, घडासकट. मामाचं कर्तव्य. टोप पिशवीत, खांब टेम्पोत, असे आम्ही नवरा-बायको हळदीच्या दोन दिवस आधी धुळ्याला पोचलो.

अक्काने टोप हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, आतल्या खोलीत जाऊन घालून आली. कुणालाच हसायची हिंमत झाली नाही. तिने आरशात पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, हाई काय शे? माले नाटकमा काम करनं शे का?" मग टोप काढून धान्याच्या कोठीवर ठेवून दिला. लग्न होईपर्यंत तो तिथेच बसला होता. येणारा प्रत्येक पाहुणा त्या कोपऱ्यात वळला की दचकायचा.

तर टोपाचं असं झालं. आता भाचीच्या केसांकडे येतो.

भाचीचे केस अक्काच्या जुन्या केसांसारखे. सरळ, जड, हट्टी. आणि तिला लग्नात कुरळे हवे होते. तिने ब्यूटी पार्लरमध्ये गरम सळईने करून पाहिले होते, पण पार्लरपासून घरापर्यंत रिक्षा येईतो घामाने सगळे वळसे उतरले. मग तिने मोबाइलवर एक घरगुती उपाय शोधला. केस ओलसर करायचे, कापडावर गुंडाळायचे, बांधून ठेवायचे, वाळले की सोडायचे. सळई नाही, औषध नाही.

मी तो व्हिडिओ तिच्या खांद्यावरून पाहिला आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. माझं लॉजिक असं होतं: भाचीचे केस आईसारखे कुरळे झाले, तर हळदीला दोघी सारख्याच दिसतील. मग अक्काकडे वेगळं म्हणून कोण बघणार? आजही मला हे लॉजिक बिनचूक वाटतं. चूक पुढे झाली.

"कापड कशाला?" मी म्हणालो. "सोपट वापरू."

सोपट म्हणजे केळीच्या खोडाचं सुटं होणारं सालपट. असोद्यात लहानपणी आम्ही सोपटाने काय नाही बांधलं! फुलांच्या माळा, भाजीच्या जुड्या, एकदा तर शेजारच्या म्हाताऱ्या आबांचा चष्मा. मऊ, लवचीक, ओलावा धरून ठेवणारं. मी बाहेर गेलो आणि मांडवाच्या एका खांबाचं वरचं सालपट सोलून आणलं.

"मामा, आधी तुम्ही स्वतःवर करून दाखवा," भाची म्हणाली. पोरगी हुशार आहे.

मग काय! भर दुपारी मी कडेची बागायत ओली केली, एकेक बट सोपटाच्या बारीक पट्टीवर गुंडाळली, गाठी मारल्या. कपाळावरचा झुबकाही सोडला नाही. हा सगळा संसार जागेवर राहावा म्हणून सोपटाचीच एक रुंद पट्टी कपाळावरून या कानापासून त्या कानापर्यंत आवळून बांधली. बायकोने दारातून एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हळद तुम्हाला लावायची आहे का?" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं, कूलरसमोर सतरंजी टाकली, पाहुण्यांसाठी आणलेली नवी उशी घेतली आणि पाण्याच्या त्या गार वाऱ्यात झोपून गेलो.

आता जळगावकडच्या वाचकांनी केव्हाच कपाळाला हात लावला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. बांधायला वापरतात ते सोपट वाळलेलं असतं. ओल्या सोपटात चीक असतो. निघतो तेव्हा पाण्यासारखा निर्मळ दिसतो, संशय सुद्धा येत नाही. वारा लागला की तपकिरी होतो, मग काळपट. कपड्याला लागला तर कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. आमच्या जिल्ह्याच्या पूर्व भागात केळीच्या बागेत जाणारं प्रत्येक माणूस म्हणून निराळे, जुने कपडे घालतं. असोद्यात हे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक होतं. ऐन वेळी आठवलं नाही, एवढंच.

उठलो ते भाचीच्या किंचाळण्याने. कपाळावरून कानापर्यंत काळपट तपकिरी पट्टा उमटला होता, टाळूवर ओघळ होते, नव्या उशीवर तर पूर्ण नकाशा होता. आणि सोपट केसांना असं चिकटलं होतं, की ओढलं तर सोपटाबरोबर मी सुद्धा वर यायचो. बायको धावत आली. तिने आधी उशी उचलली, मग माझ्याकडे पाहिलं. हा क्रम मी विसरणार नाही. तेवढ्यात दाजी बाहेरून ओरडत आले, "मांडवाचा खांब कोणत्या बकरीने खाल्ला?" आणि मला पाहताच त्यांना ती बकरी सापडली.

मग एक आवाज आला, जो त्या घरात कितीतरी दिवसांत कुणी ऐकला नव्हता. आतल्या दारात अक्का उभी होती आणि हसत होती. तोंडाला पदर लावून नाही, दाराची चौकट धरून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"असोदाना शे ना रे तू?" हसण्यातून कसंबसं बाहेर आलं. "केळना चीक माहीत नही तुले? अरे, बाप काय म्हने आपला! काय शिकाडस तू पोरेसले शायमा?"

"चित्रकला," मी म्हणालो.

"देखाई राहिनी!"

तिने खोबरेल तेलाची बाटली आणली, मला खाली बसवलं आणि एकेक बट तेलात भिजवून सोडवायला लागली. "हालू नको. हाललास ते कातर लावसू." मी हाललो नाही. तिची बोटं माझ्या केसांतून फिरत होती आणि मला ओट्यावरची ती टोक धरलेली दुपार आठवत होती. आता टोक तिच्या हातात होतं. घरात उकाडा मरणाचा, हात तेलकट, घाम डोळ्यांत. तिचा स्कार्फ सारखा कपाळावर घसरत होता आणि ती तो मनगटाने मागे सारत होती. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. शेवटी वैतागून म्हणाली, "हाई एक ब्याद शे!" पण काढला नाही.

माझी सुटका झाली. केस सुटले, डाग राहिला. भाची अजून आपले ओले केस पाठीवर घेऊन उभी होती.

"आई, माझ्या केसांचं काय?"

अक्काने तिच्याकडे पाहिलं. "चिंध्या लागतीन. सुती. मऊ. जुनं धुयेल कापड."

शोधाशोध सुरू झाली. लग्नाचं घर, सगळं नवं कोरं. कडक स्टार्चचे टॉवेल, घडी न मोडलेल्या साड्या. जुन्या साड्या गोधडीला गेलेल्या. मी माझे मोजे पुढे केले, भाचीने नाक मुरडलं. केस वाळत चालले होते. बाहेर ऊन असं, की गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाला चाललं असतं. अक्का मधोमध उभी राहून वाट पाहत होती, आणि धीर धरणं हा तिचा गुण कधीच नव्हता.

तिने हात मागे नेला, गाठ सोडली आणि स्कार्फ काढला. दातात धरून त्याची एक पट्टी टर्रकन फाडली. मग दुसरी. खाली बसली, मुलीला पुढ्यात ओढलं आणि म्हणाली, "बठ."

 मी तर माझं कपाळ विसरलो.

माणसाचे केस मी आयुष्यभर काढत आलोय. कागदावर, फळ्यावर, सरळ, तिरपे, वेणी घातलेले. तसे केस मी पाहिले नव्हते. काळे आणि पांढरे एकाच वळशात गुंफलेले, घामाने चमकणारे, मानेशी लहान, वर मोठे, कुठलेही दोन वळसे सारखे नाहीत. अक्का हलली की ते सगळे एकदम थरथरायचे आणि पुन्हा आपापल्या जागी यायचे. ज्या डोक्यावर माझी एक गाठ टिकत नव्हती, त्याच डोक्यावर आता असंख्य गाठी न मारता टिकल्या होत्या. ही करामत कुणी केली? इतक्या औषधांतून, इतक्या उलट्यांतून, आतल्या आत बसून कुणी हे ठरवलं, की आता जरा निराळं करून पाहू? मी तोंड उघडं ठेवून बघत होतो. कपाळावर पट्टा आणि तोंड उघडं. कसा दिसत असेन, ते सोडा.

अक्का आपल्या कामात होती. पातळ बट घ्यायची, टोकाला चिंधी लावायची, वर वर गुंडाळत डोक्याशी आणायची, दोन टोकांची गाठ. बोटं न अडखळता चालली होती.

"अक्का, हे तू कुठे शिकलीस?" मी विचारलं.

"शाळेत. आपल्या असोद्यात. गॅदरिंग राहे ना, तवा बठ्ठ्या पोरीसना केस मीच वळाडू. रात भिजाडी बांधी ठेवू, सकाय मोकया." तिने पुढची बट उचलली. "मना कधीच वळनात नही. मीबी बांधू. सोडं की सरळ. रडू यायचं माले."

हे मला ठाऊक नव्हतं. सबंध गाव ज्या केसांवरून घर ओळखायचं, त्या केसांची मालकीण एकटीच त्यांच्यावर नाराज होती, आणि टोकाला गाठ मारणारा मी एकटाच नव्हतो.

भाची मान न हलवता म्हणाली, "मग आता मिळाले ना, आई."

अक्काने एक गाठ आवळली. "देवनी एस्टी शे, बाई. लेट उनी. पन उनी."

भाची गच्चीवरच्या कापडाच्या सावलीत जाऊन बसली. आमच्याकडच्या उन्हाळ्यात केस वाळवायला यंत्र लागत नाही. ऊन कललं तशी ती खाली आली आणि अक्का एकेक चिंधी सोडू लागली. मी जवळ जाऊन बसलो. मला कुणी बोलावलं नव्हतं.

पहिली चिंधी सुटली आणि बट खाली पडली नाही. हवेत थांबली, स्प्रिंगसारखी एकदा खाली झुकली, वर आली आणि वळसा घेऊन खांद्यावर बसली. दुसरी तशीच. तिसरी. थोडं पाणी, फाटक्या कापडाची पट्टी आणि गच्चीवरचं ऊन, एवढंच साहित्य. सकाळपर्यंत सरळ जाणारी रेघ आता नदीसारखी वळत चालली होती. मी वर्गात पोरांना सांगतो, रेघ ओढायच्या आधी हात मोकळा करा. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा कळलं की मी काय बोलत असतो. सगळ्या चिंध्या सुटल्या तेव्हा भाची उठून आईशेजारी आरशासमोर उभी राहिली. एकीचे काळे, कमरेपर्यंत. दुसरीचे काळे-पांढरे, मानेपर्यंत. वळण तेच. आरशात दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. माझी बायको डोळे पुसत म्हणाली, "उशीचा डाग आठवून रडतेय मी."

हळदीच्या सकाळी भाचीचे केस पुन्हा तसेच वळवून झाले होते. अंगण बायकांनी भरलं. पाटावर भाची. मोठ्या जाऊबाई हळदीची वाटी घेऊन उभ्या, दाराकडे बघत. मी मांडवात, केळीच्या एका जाड्या आणि एका सोललेल्या खांबाच्या मध्ये. दारात कुणी येईना. भाची मान खाली घालून बसली होती. जाऊबाईंनी एक पाऊल पुढे टाकलं.

तेवढ्यात असोद्याहून आलेल्या एका म्हाताऱ्या काकूंची नजर माझ्यावर पडली. "अय माय!" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की वाजंत्री थांबली. "ह्या पोराच्या कपायाले काय झालं? भाजलं का?"

"नाही काकू, सोपट..."

"वल्लं सोपट?" काकू म्हणाल्या. "डोक्याले?" आणि मग सगळं अंगण माझ्याकडे वळलं. असोद्याच्या बायकांनी धुळ्याच्या बायकांना समजावलं, धुळ्याच्या बायकांनी आपल्या मागच्यांना. हशा अंगणभर पसरत गेला. कुणी जवळ येऊन माझ्या कपाळाला बोट लावून पाहिलं. कुणी फोटो काढला. कुणी म्हणालं, मामाला पण पाटावर बसवा, थोडी हळद लावा, निघेल.

आणि या गोंधळात अक्का बाहेर आली. डोक्यावर काही नाही. तिने जाऊबाईंच्या हातातली वाटी घेतली, मुलीसमोर बसली आणि दोन्ही गालांना हळद लावली. वाकताना तिचे केस पुढे आले, भाचीचे केस हळदीच्या हातात अडकले, दोघींचे वळसे पिवळे झाले. बायका हसता हसता वळल्या, पाहिलं आणि एक जण म्हणाली, "मायलेकी कशा सारख्या दिसतस!" बास. तेवढंच. पुढची बाई वाटीसाठी हात पुढे करून उभी होती.

मी हे सगळं मुद्दाम केलं, असं नंतर मी घरात सांगून पाहिलं. अक्कावरची नजर हटावी म्हणून आपलं कपाळ अर्पण केलं, वगैरे. बायको म्हणाली, "उशी पण मुद्दामच का?"

लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी आहे, आणि सगळ्या फोटोंत पट्टा आहे. शाळा उघडली तेव्हा तो पुसट झाला होता, तरी पोरांनी ओळखलाच.

भाची सासरी जाताना बॅग भरत होती तेव्हा मी पाहिलं, स्कार्फच्या त्या चिंध्या तिने धुऊन, इस्त्री करून, एका लहान पिशवीत नीट ठेवल्या होत्या. पहिल्या न्हाण्यातच तिचे केस पुन्हा सरळ झाले. "मामा, पाणी लागलं की सगळं गेलं," असं फोनवर सांगत होती. "आईचे बघा, पाणी लागलं की जास्तच वळतात."

परवा मी अक्काला फोन केला. उन्हातून भाजी आणून नुकतीच घरात शिरली होती, धापा टाकत होती.

"डोक्याला काय बांधून गेली होतीस?" मी विचारलं.

"काय बांधसू? एक व्हता स्कार्फ, तो पोर लई गई." पलीकडे माठातून पाणी घेतल्याचा आवाज आला. "आते वारा लागस डोकाले. बरं वाटस, भाऊ."